बर्फांत जपलेली शिकाऱ्याची शिदोरी

उंच पर्वतावर शिकारीस जाणाऱ्या मनुष्याची कसोटी पर्वतावर लागते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती त्याच्या घराच्या उंबरठ्यावरच लागून चुकलेली असते. काय घ्यावें आणि काय टाकावें, पाय किती चालतील आणि पाठ किती वाहील, याचा निर्णय तेथेंच व्हावयाचा असतो. झाडांची शेवटची रांग एकदां मागें पडली, कीं पुढें बाजार नाहीं, शेजार नाहीं, आणि विसरलेली वस्तु आणण्यासाठीं माघारीं फिरण्याइतका दिवसही हातांत नाहीं. म्हणून हल्लींचा शिकारी किंवा गिर्यारोहक सामानाच्या याद्या करतो, एकेका वस्तूचें वजन करून पाहतो आणि आधीं महिनोन्‌महिने चढउताराचा सराव करतो. अतिप्राचीन काळच्या मनुष्यानें ही सिद्धता कशी केली असेल? या प्रश्नाचें उत्तर इतिहासाला सहसा देतां येत नाहीं. राजांच्या तरवारी आणि मुकुट मागें राहतात; परंतु साध्या माणसाचे जोडे, जोड्यांतील गवत आणि कमरेची पिशवी हीं मातीला मिळून जातात. या नियमाला एक मोठा अपवाद घडला, आणि तो सुमारें पांच हजार तीनशें वर्षें बर्फाखालीं झांकलेला होता.

१९ सप्टेंबर १९९१ रोजीं न्यूरेंबर्ग शहरचें हेल्मुट आणि एरिका सायमन हें जर्मन दांपत्य आल्प्स पर्वतांतील ओट्झ खोऱ्याच्या माथ्यावरून, म्हणजे ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सरहद्दीवरून, उतरत होतें. समुद्रसपाटीपासून ३,२१० मीटर उंचीवरील एका खडकाळ घळींत वितळत्या बर्फांतून वर आलेला एक मानवी देह त्यांना दिसला. अलीकडेच अपघातांत सांपडलेला एखादा गिर्यारोहक असावा, असें त्यांना वाटलें. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनाही प्रथम तसेंच वाटलें. त्यामुळें प्रेत बाहेर काढतांना व्हावी तितकी काळजी झाली नाहीं. यांत्रिक छिन्नीनें डाव्या कमरेस इजा पोंचली, आणि बर्फांत रुतलेलें लांब धनुष्य मोडलें. पांच दिवसांनीं इन्सब्रुक विद्यापीठांतील पुराणवस्तुसंशोधक कोनराड स्पिंडलर यांनीं प्रेताजवळ सांपडलेली तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड पाहिली, आणि हा मनुष्य निदान चार हजार वर्षांपूर्वींचा आहे, असें निदान केलें. पुढें किरणोत्सर्गी कार्बनाच्या मोजणीनें त्याचा काळ याहूनही मागें गेला. इ. स. पूर्व ३३५० ते ३१०० या दरम्यान केव्हां तरी तो जिवंत होता. त्या वेळीं गिझाचे पिरॅमिड उभे राहावयाचे होते आणि मोहेंजोदडोची विटांची नगरी वसावयाची होती.

सरहद्दीची पुन्हां मोजणी केली तेव्हां ती जागा इटलीच्या हद्दींत सुमारें ९३ मीटर आंत भरली. म्हणून आज हा देह बोल्झानो येथील संग्रहालयांत आहे. १९९८ सालापासून तो तेथें उणें ६ अंश तपमानाच्या थंड खोलींत जतन केलेला आहे. ओट्झ खोऱ्यावरून लोकांनीं त्याला ‘ओट्झी’ हें नांव दिलें, आणि तेंच रूढ झालें.

त्याच्या अखेरच्या प्रवासाचा हेतु काय होता, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. कोणी त्याला मेंढपाळ म्हटलें, कोणी शिकारी, तर कोणी पळून चाललेला मनुष्य. मात्र त्याच्या भात्यांत बाण होते, हातीं धनुष्य होतें, आणि पोटांत उंच कड्यांवर राहणाऱ्या आयबेक्स नांवाच्या रानबोकडाचें मांस होतें. डोंगरावर शिकार करून राहण्यासाठीं लागणारी जवळजवळ सर्व सामग्री त्याच्या अंगावर आणि पाठीवर होती. जगांत कोठेंही इतकी जुनी आणि इतकी परिपूर्ण शिदोरी दुसरी सांपडलेली नाहीं.

सामग्रीच्या आधीं शरीराचा विचार केला पाहिजे. कारण डोंगरावर पहिलें हत्यार म्हणजे पाय. ओट्झी मृत्युसमयीं सुमारें ४५ वर्षांचा होता. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन सुमारें ५० किलो. म्हणजे तो आडदांड मल्ल नव्हता. सडपातळ, काटक, लहान चणीचा मनुष्य होता. परंतु त्याच्या पायांच्या हाडांची घडण असें सांगते, कीं हे पाय जन्मभर उंचसखल भूमीवर चाललेले होते. दांतांचें कवच लहानपणीं घडतें आणि मग बदलत नाहीं. हाडांची झीज आणि भर मात्र चालूच राहते. या दोहोंतील द्रव्यांची तुलना करून शास्त्रज्ञांनीं असें ठरविलें, कीं तो आल्प्सच्या दक्षिण उतारावरील एका खोऱ्यांत वाढला आणि प्रौढपणीं जवळच्याच दुसऱ्या खोऱ्यांत राहिला. शरीर कमावण्यासाठीं त्याला निराळी तालीम करावी लागली नाहीं; त्याच्या आयुष्यानेंच ती करून घेतली.

या तालमीची किंमतही त्यानें भरली होती. त्याचे गुडघे, घोटे आणि कमरेचे मणके झिजलेले होते. आंतड्यांत जंत होते. दांत किडलेले होते. त्याच्या अंगावर गोंदणाच्या ६१ खुणा मोजल्या गेल्या आहेत. त्या म्हणजे फुलें किंवा पक्षी नव्हेत. त्वचेस बारीक छेद घेऊन त्यांत कोळशाची पूड भरलेल्या त्या साध्या रेघा आणि फुल्या आहेत. त्यांपैकीं पुष्कळशा कमरेवर, गुडघ्याजवळ आणि घोट्याभोंवतीं, म्हणजे जेथें सांधे दुखत असतील त्याच जागीं, आहेत. त्या शोभेसाठीं नसून दुखण्यावरील उपाय म्हणून काढल्या असाव्यात, असा अनेकांचा तर्क आहे. तसें असेल तर डोंगरावर जाण्यापूर्वीं अंगाची डागडुजी करण्याची ही फार जुनी रीत म्हणावी लागेल.

आतां पायांपासून डोक्यापर्यंत त्याचा पोशाख पाहूं. जोडा एका कातड्याचा नव्हता. तळ अस्वलाच्या कातड्याचा, वरचा भाग हरणाच्या कातड्याचा, आणि आंत लिंडेन वृक्षाच्या सालीच्या दोऱ्यांनीं विणलेली जाळी होती. या जाळीच्या आधारानें पायाभोंवतीं सुकें गवत भरलेलें होतें. गवतांत हवा कोंडते, आणि कोंडलेली हवा ऊब धरते. गवत भिजलें तर फेकून देऊन दुसरें भरतां येतें. तळव्याखालून कातड्याची एक आडवी पट्टी नेलेली होती, ती घसरणीवर पायास अडसर व्हावी म्हणून. पेत्र ह्लावाचेक या झेक पादत्राणतज्ज्ञानें अगदीं याच पद्धतीचे जोडे तयार करून घेतले. ते घालून डोंगर चढणाऱ्यांना ते उबदार आणि सोईचे वाटले. चामड्याचा जोडा थंडींत का लागतो आणि ओला कां राहतो, हें ज्याला कळलें होतें, त्याच मनुष्याच्या हातून असा जोडा निर्माण होऊं शकतो.

पायांवर बकऱ्याच्या कातड्याच्या दोन स्वतंत्र नळ्या, म्हणजे पायमोज्यासारखीं आवरणें, होतीं. कमरेस मेंढीच्या कातड्याचें लंगोटासारखें वस्त्र आणि त्यावर वासराच्या कातड्याचा पट्टा होता. अंगांत बकऱ्या-मेंढ्यांच्या कातड्यांच्या काळ्या व फिकट पट्ट्या जोडून केलेला अंगरखा होता. डोक्यावरील अस्वलाच्या कातड्याची टोपी हनुवटीखालीं बांधण्याच्या बंदांसह १९९२ सालच्या दुसऱ्या खोदकामांत मिळाली. याखेरीज लांब गवताची गुंफलेली एक चटई होती. ती कोंकणांतल्या इरल्याप्रमाणें पावसांत अंगावर घ्यावयाची, कीं पाठीवरील ओझ्यावर झांकण म्हणून घालावयाची, याविषयीं मतभेद आहे. दोन्ही कामीं ती येत असेल. अंगरख्याचे मूळचे टाके जनावरांच्या स्नायूंच्या तंतूंनीं नीट घातलेले आहेत. पण मध्येंच कांहीं ठिकाणीं गवताच्या दोऱ्यानें घाईघाईनें टिपलेलें दिसतें. पहिले टाके घरीं निवांतपणें बसलेल्या कुशल हातांचे. दुसरे वाटेंत, थंडींत, एकट्यानें घातलेले. गवताचा दोरा वळतां येणें हाही त्याच्या सिद्धतेचाच भाग होता.

कपड्यांनंतर अग्नि. तीन हजार मीटरांवर लाकूड मिळत नाहीं, आणि वाऱ्यांत ठिणगी धरत नाहीं. म्हणून त्यानें दोन तजविजी केल्या होत्या. त्याच्याजवळ भूर्ज वृक्षाच्या सालीचीं दोन उभट डबकुलीं होतीं. पैकीं एकांत मेपल वृक्षाचीं हिरवीं असतांनाच खुडलेलीं पानें आणि त्यांत कोळशाचे कण सांपडले. निखारे ओल्या पानांत गुंडाळून तो बरोबर नेत होता. आपल्याकडे पूर्वीं शेजारघरून गोवरीवर विस्तव आणीत, त्याच जातीची ही युक्ति. फरक इतकाच, कीं येथें शेजारघर एका दिवसाच्या वाटेवर होतें. निखारा विझलाच तर दुसरा उपाय कमरेच्या पिशवींत होता. त्या पिशवींत आग धरणारी वाळलेली अळंबी होती, आणि तिच्यावर लोहमाक्षिकाचे सूक्ष्म कण चिकटलेले आढळले. माक्षिकावर गारगोटी आपटून ठिणगी पाडावयाची आणि ती अळंबीवर झेलावयाची. एका साधनावर जीव टांगून ठेवावयाचा नाहीं, हा नियम त्याला पक्का ठाऊक होता.

भूर्जावर वाढणाऱ्या आणखी एका जातीच्या अळंबीचे दोन तुकडे त्यानें कातड्याच्या पट्ट्यांत ओवून घेतले होते. ही अळंबी पेट घेण्याच्या उपयोगाची नव्हे. औषधी म्हणून मात्र ती लोकांत चालत आलेली आहे. आंतड्यांतील जंत आणि ही अळंबी यांचा संबंध पुष्कळांनीं जोडला आहे. तसें असेल तर ती त्याची औषधाची पेटीच होती.

ओझें वाहण्यासाठीं त्यानें हेझलची एक लवचिक काठी वांकवून तिची कमान केली होती आणि तीस लार्चच्या दोन फळ्या आडव्या बांधल्या होत्या. ही पाठीवर बांधावयाची चौकट. आजच्या गिर्यारोहकाची थैली हिचीच वंशज म्हणतां येईल. कमरेच्या पिशवींत गारगोटीचें तासणें, छिद्र पाडण्याचें टोंचणें, एक धारदार पापुद्रा आणि हाडाची आरी होती. गारगोटीच्या पात्याचा लहान खंजीर लिंडेनच्या सालीच्या म्यानांत होता. लिंडेनच्याच लाकडांत हरणाच्या शिंगाचा टोंकदार तुकडा ठोकून केलेलें एक लेखणीसारखें हत्यार प्रथम कोणासही उमगलें नाहीं. तें दगडी पात्यांना पुन्हां धार लावण्याचें साधन निघालें. ओझ्यांत ज्याचा अर्थ लागत नाहीं अशी वस्तु जवळजवळ नाहीं, आणि एकच काम करणारी वस्तुही विरळाच.

सर्वांत मौल्यवान वस्तु अर्थातच कुऱ्हाड. तिचें सुमारें साडेनऊ सेंटिमीटर लांबीचें पातें जवळजवळ शुद्ध तांब्याचें आहे. तें यू नांवाच्या वृक्षाच्या चिवट लाकडाच्या दांड्यांत बसवून, भूर्जाच्या सालीपासून काढलेल्या डांबरानें चिकटविलें आहे आणि कातड्याच्या पट्ट्यांनीं आवळलें आहे. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षणावरून हें तांबें दक्षिण टस्कनींतील खनिजाचें असल्याचें दिसून आलें. म्हणजे आल्प्सच्या या दुर्गम खोऱ्यांतील मनुष्याच्या हातीं शेंकडों किलोमीटरांवरून आलेली धातु होती. तो जगापासून तुटलेला रानटी नव्हता. त्याच्या शिदोरींत त्या काळचा व्यापारही बांधलेला होता.

खाण्याच्या बाबतींतही हिशेब चोख दिसतो. २०१८ सालीं त्याच्या पोटांतील अन्नाचें परीक्षण प्रसिद्ध झालें. त्यांत आयबेक्सची चरबी व मांस, तांबड्या हरणाचें मांस, आइनकॉर्न नांवाचा प्राचीन गहूं आणि नेच्याचे अंश मिळाले. या अन्नाचा जवळजवळ निम्मा भाग चरबीचा होता. थोड्या वजनांत अधिक शक्ति देणारें अन्न चरबी होय, आणि थंडींत चढण चढणाऱ्या देहाला तिची गरज सर्वांत अधिक. हें गणित त्याला अंकांत मांडतां आलें नसतें. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें तें त्याच्या समाजाला अवगत होतें.

येथपर्यंत पाहतां या सिद्धतेंत न्यून काढावयास जागा दिसत नाहीं. परंतु शिकाऱ्याची खरी मदार ज्यावर, त्या धनुष्यबाणाकडे वळलें म्हणजे चित्र एकदम पालटतें. धनुष्य यूच्या लाकडाचें, १८२ सेंटिमीटर लांब, म्हणजे धन्यापेक्षां वीतभर उंच. पण त्यावर कुऱ्हाडीचे घाव अद्याप तसेच आहेत. तें तासून गुळगुळीत केलेलें नाहीं, आणि दोरी अडकविण्यास खांचाही पाडलेल्या नाहींत. कातड्याच्या भात्यांत १४ बाण होते. त्यांपैकीं गारगोटीचें पातें आणि पिसें लावलेले अवघे दोन, आणि ते दोन्ही मोडलेले. उरलेले बारा म्हणजे नुसत्या काड्या. भात्यांत दोरीची गुंडाळी होती, शिंगांचे तुकडे होते. करावयाचें सर्व बरोबर होतें, पण केलेलें कांहींच नव्हतें.

हा कारागीर आळशी होता काय? त्याचे जोडे आणि त्याचा अंगरखा तसें म्हणूं देत नाहींत. कारण दुसरीकडे शोधावें लागतें. त्याच्या दगडी हत्यारांचें २०१८ सालीं सूक्ष्म परीक्षण झालें. तीं पुन्हां पुन्हां धार लावून झिजून गेलेलीं होतीं. कांहींचीं टोंकें मोडलेलीं होतीं. उत्तम गारगोटी व्हेरोनाजवळच्या डोंगरांतून येई. ती संपत आली होती, आणि नवी मिळविण्यास त्याला सवड झालेली दिसत नाहीं. त्यांतच त्याच्या उजव्या हाताच्या अंगठा व तर्जनी यांमधील भागांत एक खोल जखम होती. ती मृत्यूपूर्वीं कांहीं दिवस झालेली, नुकती भरूं लागलेली होती. हत्यारांवरील खुणांवरून तो उजव्या हातानें काम करणारा होता. कामाचा हातच असा चिरलेला, मग धनुष्य तासावें कसें आणि पातें घडवावें कसें? हाताच्या तळव्यावरील अशी जखम वार अडवितांना होते. डोंगराखालीं कोठें तरी, कोणाशीं तरी त्याची झटापट झाली होती.

त्याच्या पोटांतील परागकणांनीं अखेरच्या दीड-दोन दिवसांची वाट सांगितली आहे. तो प्रथम उंचावरील सूचिपर्णी वृक्षांच्या रानांत होता. नंतर खालीं खोऱ्यांत उतरला. आणि पुन्हां वर, सर्व झाडें मागें टाकून, बर्फाच्या खिंडीपर्यंत चढला. खोऱ्यांतील ज्या वृक्षाचे पराग त्याच्या अन्नपाण्यांत मिसळले, तो वृक्ष वसंताच्या अखेरीस फुलतो. तेव्हां हा प्रवास उन्हाळ्याच्या तोंडाशीं घडला असला पाहिजे. चाळिशी उलटलेल्या, गुडघे झिजलेल्या आणि हात जायबंदी झालेल्या मनुष्यानें दोन दिवसांत ही चढउतार केली. शरीराची सिद्धता म्हणून जी गोष्ट म्हणतात तिचें याहून बोलकें प्रमाण काय असूं शकेल? खिंडीजवळ पोंचल्यावर तो थांबला आणि पोटभर जेवला. तो घाईंत असता तर असा जेवला नसता, असें कांहीं संशोधक म्हणतात. धोका मागें राहिला, असें त्याला वाटलें असावें.

शोध लागल्यापासून दहा वर्षें तो थंडीनें किंवा थकून मेला, असाच समज होता. २००१ सालीं बोल्झानो येथें घेतलेल्या क्ष-किरणचित्रांत त्याच्या डाव्या खांद्यांत गारगोटीचें बाणाचें टोंक आढळलें. बाण पाठीकडून आलेला होता. पुढील तपासणींत त्यानें हंसळीखालची धमनी तोडल्याचें सिद्ध झालें. थोड्याच वेळांत रक्तस्रावानें तो गतप्राण झाला असला पाहिजे. बाणाची काडी कोणी तरी उपसून नेली होती. मौल्यवान कुऱ्हाड मात्र तशीच तेथें राहिली. मारणारा चोर नव्हता.

या शोधानें त्या शिदोरीचा अर्थच बदलला. थंडी त्याला मारूं शकली नाहीं. तिच्यासाठीं गवताचे जोडे आणि अस्वलाची टोपी होती. भूक त्याला मारूं शकली नाहीं; तिच्यासाठीं चरबी आणि धान्य होतें. अंधार, पाऊस, दुखणें, घसरण या प्रत्येकासाठीं त्याच्या ओझ्यांत कांहीं ना कांहीं तजवीज होती, आणि त्यांपैकीं एकही तजवीज फसली नाहीं. पर्वतानें घेतलेल्या परीक्षेंत तो उत्तीर्ण झाला. जी वस्तु अपुरी राहिली ती एकच, धनुष्य. आणि ज्याच्यासाठीं कोणतीच शिदोरी पुरत नाहीं तो शत्रूही एकच, मनुष्य.

पर्वताची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुकांतून शिकतां येते. कोणाचे पाय गारठले, म्हणून पुढल्यानें जोड्यांत गवत भरलें. कोणाचा विस्तव विझला, म्हणून पुढल्यानें निखारा पानांत गुंडाळला. ओट्झीच्या पाठीवर अशा असंख्य अनामिक माणसांचा अनुभव होता. ती विद्या आजही चालू आहे. हिमशिखरांकडे निघालेला मनुष्य आजही एकावर एक कपडे चढवितो, जोड्यांत हवा कोंडून धरतो, आग पेटविण्याचीं दोन साधनें घेतो आणि स्निग्ध अन्न बांधतो. कातड्याच्या जागीं कारखान्यांत विणलेलीं वस्त्रें आलीं आणि भूर्जाच्या डबकुल्यांच्या जागीं धातूचीं भांडीं आलीं, एवढाच काय तो बदल. मात्र माणसानें माणसापासून निर्भय कसें व्हावें, ही विद्या त्या खिंडींत ज्या ठिकाणीं अडली, तेथून ती किती पुढें सरकली आहे, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.